बाबांना पेपर वाचून दाखवणारा

बाबांच्या डोळ्यांत घालायचे थेंब संपले होते, म्हणून त्या दिवशी मी ऑफिसातून अर्धा तास लवकर निघाले. औषधाच्या दुकानात रांग होती. रांगेत उभी असतानाच फोन वाजला. प्रयोगशाळेतली माझी जोडीदारीण बोलत होती, इतक्या हळू आवाजात की जणू तिच्या मागे कोणी उभं आहे.

"यादी लागली गं. तुझं नाव आहे."

"कसली यादी?"

"बदल्यांची."

दुकानदाराने दोनदा विचारलं, एक बाटली की दोन? मी म्हटलं, चार. तिथे हे थेंब मिळतील की नाही कोण जाणे, हाच पहिला विचार डोक्यात आला. रडू वगैरे नंतर आलं, तेही जिन्यात, आणि तेही पटकन आटोपलं. घरात दोघं वाट बघत होते.

मी पाणी तपासते. पाण्यात गढूळपणा किती, औषध किती पडलं, ते पिण्याजोगं आहे की नाही, हे नळ्या आणि बाटल्या घेऊन बघायचं आणि रोजच्या रोज वहीत लिहायचं. वीस वर्षं हेच केलं. बाबांची दृष्टी काचबिंदूने गेली होती. तरी थेंब चुकवून चालत नसे, डोळ्यातला दाब वाढला की ते डोकं धरून बसायचे. आईला ऐकू येत नव्हतं. कानात घालायचं मशीन शिट्टी मारतं म्हणून तिने ते डबीत ठेवून दिलं होतं, आणि डबी कुठे ठेवली ते विसरली होती. दोघं मिळून एक धडधाकट माणूस होतात, असं बाबा हसत सांगायचे. "ही बघते, मी ऐकतो. आमचं झकास चाललंय." त्या झकास चाललेल्या संसाराला गोळ्या, अंघोळ, जेवण, डॉक्टर असं सगळं पुरवणारी तिसरी मी. मी एकुलती एक. माझ्यामागे कोणी नाही, पुढेही कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर दाखल्यांची चळत ठेवली.

"साहेब, वडिलांना दिसत नाही, आईला ऐकू येत नाही. त्यांना सोडून मी जाऊ कशी?"

"सोडून कशाला? घेऊन जा की. क्वार्टर आहे, मोकळी हवा आहे. म्हातारी माणसं खूश होतील."

"तिथे दवाखाना..."

"दोन वर्षं, बाई. बघता बघता जातात."

बघता बघता जाणारी वर्षं नेहमी दुसऱ्याची असतात. बाहेर आले तेव्हा जोडीदारीण माझ्या नजरेला नजर देईना. खरं म्हणजे पाळी तिची होती. तिने कुठून शब्द टाकला, की साहेबांनीच मला सरकवलं? संशयाचा किडा एकदा डोक्यात शिरला की तो कोणाकोणाला चावेल सांगता येत नाही. पुढचे सगळे दिवस मी त्या किड्यासकटच काढले. त्यामुळे जे सांगते आहे त्यात माझं मन किती आणि प्रत्यक्ष किती, हे तुमचं तुम्ही ठरवा.

जलशुद्धीकरण केंद्र गावापासून चार किलोमीटरवर, एका उघड्या माळावर होतं. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला पंपघर, मग गोल, भलीमोठी निवळणीची टाकी. नदीचं गढूळ पाणी तिच्यात संथ व्हायचं, गाळ तळाशी बसायचा, आणि वरून एक लांब लोखंडी हात इतक्या सावकाश फिरायचा की बघणाऱ्याला तो थांबलाच आहे असं वाटावं. पलीकडे माझी प्रयोगशाळा. आणि टाकीच्या अगदी कडेला, कुंपणाशी, दोन क्वार्टर्स. एक नंबरचं छप्पर बसलं होतं. दोन नंबर आमचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे तीन पायऱ्या. मागचं दार नव्हतं. मागे टाकीची भिंतच होती.

पंपांची घरघर दिवसभर चालायची. दोन दिवसांत कानाला तिची सवय झाली. फक्त दुपारी दोन ते चार पंप बंद असत, गावातली उंच टाकी तोवर भरलेली असायची. ती दोन तासांची शांतता मात्र अंगावर यायची.

माणसं मोजकीच. पंप चालवणारा वस्ताद, साठीकडे झुकलेला. सगळे त्याला वस्तादच म्हणत. फाटकावर एक वॉचमन. आणि घरकामाला, आईबाबांजवळ बसायला म्हणून गावातून येणाऱ्या मावशी. त्या दुपारी एकपर्यंत थांबायच्या. मी एकला घरी येऊन दोघांना वाढायची, स्वतः चार घास खायची आणि पावणेदोनला परत कामावर. तिथून साडेपाचपर्यंत सुटका नाही.

पहिल्याच आठवड्यात मी वस्तादला सहज विचारलं, "माझ्या आधीचे केमिस्ट कुठे गेले?"

"रिटायर झाले," तो म्हणाला.

वॉचमन म्हणाला, "बदली झाली त्यांची."

प्रयोगशाळेतल्या हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढे सात महिने 'रजेवर' लिहिलं होतं, आणि मग पानं कोरी.

दोन माणसं आणि एक वही, तर तीन उत्तरं. सरकारी खात्यात हे काही नवल नाही. तरी मला ते टोचलं. दोघांपैकी एकानेही उत्तर देताना माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

पेपर तिथे उशिरा यायचा. दीडच्या सुमाराला वॉचमन तो दाराखालून आत सरकवायचा. संध्याकाळी मी दमून आले की बाबांना वाचून दाखवायची. वीस वर्षांचा शिरस्ता होता. एक दिवस हातपाय धुऊन पेपर घेतला तर बाबा म्हणाले, "राहू दे गं. झालं वाचून."

"कोणी वाचला?"

"आहेत इथलेच एक. दुपारी येतात. भला माणूस आहे. आवाज तेवढा बसका आहे, घसा ओला असल्यासारखा. पण वाचतो सुरेख. जाहिरातीसुद्धा सोडत नाही."

मला बरं वाटायला हवं होतं. पण मी आधी कपाट उघडून सगळं जागच्या जागी आहे का ते बघितलं. दोन म्हातारी माणसं, एकाला दिसत नाही, दुसरीला ऐकू येत नाही, आणि दुपारी कोणी परका घरात शिरतोय! काहीही गेलं नव्हतं. पेपर चार घड्या घालून खुर्चीवर ठेवलेला होता. त्याचे कोपरे ओलसर होते. मी नाकाशी धरला. क्लोरीनचा वास तिथे सगळ्यालाच यायचा, अगदी आमटीलासुद्धा. हा वास तो नव्हता. हा गाळाचा होता, टाकीच्या तळाचा.

मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला कुठलं वाचता येतंय ताई?" वॉचमनला विचारलं, तर तो एकदम ताठ झाला. "मी पेपर दाराखालून सरकवतो मॅडम. तिसऱ्या पायरीवर पाय देत नाही. कोणालाही विचारा."

"का देत नाही?"

"तशी सवय आहे," तो म्हणाला आणि फाटकाकडे चालू लागला.

राहता राहिली आई. तिच्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहावं लागे. मी लिहिलं, दुपारी घरी कोण येतं? तिने चष्मा वर करून वाचलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "आपल्याकडे कोण येणार? तुझे बाबा एकटेच बडबडत असतात समोरच्या खुर्चीशी. मी मेली इथेच तर बसलेली असते." मग माझा चेहरा बघून पाटी बाजूला सारली. "पण खुशीत असतात हल्ली. राहू दे. विचारू नकोस."

मला वाटलं, झालं, बाबांचं डोकं फिरलं. हवापालट सोसला नाही. त्या संध्याकाळी मी पेपर हातात धरला आणि मास्तरीण होऊन त्यांची परीक्षा घेतली. पहिल्या पानावर काय आहे? त्यांनी सांगितलं. आत? सांगितलं. शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, हरवलेल्या माणसाची चार ओळींची जाहिरात होती. बाबांनी त्या चार ओळी उंचीसकट आणि शर्टाच्या रंगासकट म्हणून दाखवल्या. मी पेपर खसकन मिटला. त्यांना दिसत नव्हतं, पण तो आवाज त्यांनी ऐकला.

"काय झालं गं?"

"काही नाही बाबा. पंपाची घरघर फार होते इथे."

दोन दिवसांनी दुपारी पंप बंद झाले आणि मी नळ्या तशाच ठेवून उठले. लख्ख ऊन होतं. टाकीतला लोखंडी हातही थांबला होता. माळावर एक पाखरू नाही. क्वार्टरपासून वीस पावलांवर असताना मला ऐकू आलं. कोणीतरी वाचत होतं. शब्द कळत नव्हते, पण लय कळत होती. एक ओळ, थोडं थांबणं, पुढची ओळ. मध्येच बाबा हसले. मी पुढे पाऊल टाकलं, खडी वाजली, आणि वाचन तुटलं. वाक्य संपलं नव्हतं. मधूनच तुटलं.

धावत पायऱ्या चढून मी दार ढकललं. बाबा खुर्चीत. आई खिडकीशी लोकर गुंडाळत बसलेली. समोरच्या खुर्चीवर चार घड्यांचा पेपर.

"आत्ताच गेला बघ," बाबा म्हणाले. "तुझी चाहूल लागली की उठतो. लाजाळू आहे."

"कुठून गेला?"

"मागच्या दाराने."

बाबांना त्या घरात येऊन तीनच आठवडे झाले होते. घराला मागे दार नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मुख्य ऑफिसातून पत्र आलं. बदली रद्द करण्याच्या माझ्या अर्जावर सुनावणी होती, जातीने हजर राहायचं होतं. जाऊन येऊन दोन दिवस, दोन रात्री. मी मावशींच्या हातापाया पडून त्यांना दोन्ही रात्री क्वार्टरवर राहायला कबूल केलं. गोळ्यांचे डबे वारांप्रमाणे भरले. थेंब कधी घालायचे ते लिहून भिंतीला चिकटवलं, मावशींना वाचता येत नाही हे आठवल्यावर घड्याळाची चित्रं काढली. निघताना आईने पाठीवरून हात फिरवला. बाबा म्हणाले, "जा निवांत. आमची काळजी नको करूस."

इतक्या वर्षांत ते असं कधी म्हणाले नव्हते.

सुनावणी पाच मिनिटांत संपली. साहेब म्हणाले, "वर्षभर काढा, मग बघू." मी बसने परतले तेव्हा दुपार होती. पायऱ्या चढतानाच मनाने घेतलं की घर उघडं पडलं असणार, कोणीतरी पडलं असणार, काहीतरी जळालं असणार. दार उघडलं तर घर आरशासारखं. बाबांची दाढी केलेली, गुळगुळीत, कुठे कापलं नव्हतं. थेंबांची बाटली बरोबर तेवढीच उतरलेली, गोळ्यांचे त्या त्या दिवसाचे कप्पे रिकामे. आईच्या केसांची घट्ट, सरळ भांगाची वेणी. संधिवाताने तिचे हात खांद्याच्या वर जात नव्हते, वेणी रोज मी घालायची. आणि दोघांच्याही हातापायांची नखं कापलेली होती.

मी पाटीवर लिहिलं, वेणी कोणी घातली?

आई लाजल्यासारखी हसली. "तुझ्या बाबांनी! या वयात! मी डोळे मिटून बसले, छान विंचरत होते."

बाबा पलीकडून म्हणाले, "काय म्हणतेय ती? मी कशाला तिची वेणी घालू?"

मी मावशींच्या घरी गेले, चार किलोमीटर, चालत. त्या अंगणात धान्य निवडत होत्या. मला बघून उठल्या. रागावल्या होत्या.

"तुमचा भाऊ येणार होता तर मला आधी सांगायचं ना ताई. मी आपली गाठोडं घेऊन आले."

"कोण भाऊ?"

"मी दार वाजवलं. तुमचे बाबा आतून म्हणाले, मुलगा आहे आमच्याजवळ, आज नको. मी म्हटलं, ताईंनी सांगितलंय राहायला. तर आतून पुरुषाचा आवाज आला... त्यांना म्हणावं, निघा आता. बसका आवाज. मी परत फिरले."

"चेहरा दिसला?"

"दार उघडलंच कुठे?" त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघता बघता त्यांचा राग ओसरला. "ताई... तुम्हाला भाऊ आहे ना?"

आता लाज वाटते ते सांगते. त्यानंतर आठ दिवस मी काहीही केलं नाही.

भीती होती, खूप होती. पण घर चालत होतं. गोळ्या वेळेवर, बाबा खुशीत, आई नीटनेटकी. संध्याकाळी मी आले की बाबा म्हणायचे, "तू बस, दमली असशील. तो करून गेलाय सगळं." आणि मी बसायची. वीस वर्षांत मी तशी बसले नव्हते. पडल्या पडल्या झोप लागायची. कोणी फुकट एवढं करत नाही, याला काहीतरी हवं असणार, हे मला कळत होतं. तरी सकाळी कामावर जाताना मी मुद्दाम मोठ्याने सांगायची, "बाबांचे थेंब अडीचला बरं का." बाबांना सांगतेय असं स्वतःला भासवायची. मावशी येईनाशा झाल्या होत्या. मी त्यांना परत बोलवायलाही गेले नाही.

नवव्या दिवशी प्रयोगशाळेत एक बाटली फुटली आणि माझा तळहात कापला. पट्टी घरी होती. अडीच वाजले असतील. पंप बंद. हात रुमालात धरून मी क्वार्टरवर आले, दार ढकललं. उघडलं नाही. आतून कडी होती. आमच्याकडे दिवसा कधीच कडी लावत नसत, बाबा पडले तर आत जाता यायला हवं म्हणून.

मी दार वाजवलं.

आत वाचन चालू होतं. या वेळी ते थांबलं नाही.

पुन्हा वाजवलं. मग थांबलं.

"कोण आहे?" बाबांचा आवाज.

"मी आहे बाबा. दार उघडा."

मग आत कुजबुज. बाबा कोणालातरी हळूच विचारत होते, आणि उत्तर येत होतं. मला शब्द लागले नाहीत. फक्त तो ओला, बसका सूर. तोही दाराच्या अगदी पलीकडून... माझ्या कानाच्या उंचीवरून. बाबांची खुर्ची खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती.

"बाबा! मी आहे! दार उघडा!"

"तो म्हणतो," बाबा सावकाश म्हणाले, अनोळखी माणसाशी बोलावं तसं, "ती आत्ता कामावर आहे. तुम्ही साडेपाचनंतर या."

मी भिंत धरत धरत खिडकीशी गेले. आई स्टुलावर पाठमोरी बसली होती, केस मोकळे सोडून. स्टुलामागे कोणी नव्हतं. आणि तिचे केस... वरून खाली ओढले जात होते. सावकाश, प्रेमाने. गुंता लागला की थांबत होते, बटेला मुळाशी धरून सोडवत होते, आईला दुखू नये म्हणून. तिची मान मागे कललेली, डोळे मिटलेले. चेहरा इतका शांत की मला हाक मारवेना. मारली असती तरी तिला ऐकू गेली नसती.

मी कापलेला हात खिडकीच्या काचेवर ठेवला. मुद्दाम नाही, आधाराला. काचेवर रक्त ओघळलं, खोलीतला उजेड हलला असेल, आईने डोळे उघडले. तिने आधी रक्त बघितलं, मग मला. स्टूल पाडूनच उठली. संधिवाताच्या पायांनी ती दारापर्यंत कशी पोचली मला कळलं नाही. कडी काढली आणि ओरडली, "अगं काय केलंस हे! आणि कडी कोणी घातली ही? कडी कोणी घातली?"

दारातून थंड, चिखलट हवेचा झोत बाहेर आला आणि माझ्या अंगाला घासून पुढे गेला. की मला घासून आत गेला? आजही सांगता येत नाही.

मी पट्टीही बांधली नाही. पंपघरात जाऊन वस्तादसमोर उभी राहिले. "जीप काढा. आत्ता. आम्ही तिघं निघतोय."

त्याने कारण विचारलं नाही. किल्ली घेतली. मग म्हणाला, "उशीर केलात मॅडम. मला वाटलं होतं पहिल्याच आठवड्यात जाल."

"तुम्हाला माहीत होतं!"

"काय सांगणार? सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?" तो हात पुसत राहिला. "तुमच्यासारखेच आले होते ते आधीचे केमिस्ट. नको असताना. आईवडील तिकडे घरी, दोघंच. दर महिन्याला बदलीचा अर्ज लिहायचे, मला वाचून दाखवायचे. वाचायचे छान. मग एकदा शेजाऱ्यांचा फोन आला. म्हातारा मोरीत घसरला, म्हातारी त्याला उचलायला गेली. दोघंही चार दिवस तसेच. कोणाला पत्ता नाही..."

"मग?"

"रजा घेतली नाही. कामावर येत राहिले. एक दिवस दुपारी पंप बंद असताना टाकीवर उभे दिसले, चार वाजता पंप सुरू केला तेव्हा नव्हते. आम्ही सगळी टाकी रिकामी केली. गाळ हातांनी उपसला. काही सापडलं नाही मॅडम. चप्पलसुद्धा नाही. वहीत आपलं रजेवर लिहीत राहिलो."

बाबांना जीपमध्ये बसवायला वस्तादची आणि माझी, दोघांची ताकद लागली. ते माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा हात उगारून आले. "त्याला न सांगता? अगं, तो चार वाजता चहा करतो माझा! काय वाटेल त्याला?" आई काही विचारत नव्हती. ती मोकळ्या केसांनी माझ्या हाताला आपला पदर बांधत होती. फाटकातून बाहेर पडताना चार वाजले आणि वस्तादच्या जागी वॉचमनने पंप सुरू केले. बाबा मान मागे वळवून बसले आणि पुढे सगळा रस्ता तसेच राहिले.

परवानगीशिवाय निघून आले म्हणून माझ्यावर चौकशी लागली. चार महिने बिनपगारी गेले. जुन्या घरात तोवर दुसरे भाडेकरू आले होते. आम्ही ते चार महिने एका ओळखीच्यांकडे काढले, मग मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे आम्हाला कुत्रंही ओळखत नाही अशा ठिकाणी, दोन खोल्या घेतल्या. शेवटी डॉक्टरांच्या मंडळाने आईबाबांना तपासून शेरा दिला आणि मला मुख्य प्रयोगशाळेत परत घेतलं. जोडीदारणीची त्या केंद्रावर बदली झाली का, हे मी विचारलं नाही. एक नंबरचं बसलेलं छप्पर दुरुस्त करायला घेतलंय, एवढं कानावर आलं.

बाबा पुढे दीड वर्ष जगले. त्याचं नावही त्यांनी कधी काढलं नाही. मी पेपर वाचायची, ते ऐकायचे. मात्र माझ्याशी ते थोडे पाहुण्यासारखे वागू लागले होते. पाणी दिलं तर "आभारी आहे" म्हणायचे. झोपेतच गेले, त्रास झाला नाही.

ते गेल्यावर महिन्याभराने मी आस्थापना शाखेत गेले. माझ्या सेवापुस्तकात अवलंबितांची नोंद असते, त्यातून त्यांचं नाव कमी करायचं होतं. तिथले कारकून चांगले गृहस्थ. पुस्तक काढलं, पानं चाळली, चहा मागवला.

"वडिलांचं नाव कमी करतो," ते म्हणाले. "बाकी दोघं तशीच ठेवायची ना?"

"दोघं?"

"आई आणि भाऊ."

त्यांनी पुस्तक माझ्याकडे फिरवलं. आत एक घोषणापत्र चिकटवलेलं होतं. जलशुद्धीकरण केंद्राचा शिक्का. मी सुनावणीला गेले होते त्यातल्या दुसऱ्या दिवसाची तारीख. तिसऱ्या ओळीतल्या नावावर पाणी पडून शाई फुटली होती, काही वाचता येत नव्हतं. नात्याच्या रकान्यात मात्र सुरेख, वळणदार अक्षरात 'मुलगा' असं लिहिलं होतं. खाली कुटुंबप्रमुख म्हणून बाबांच्या अंगठ्याचा ठसा. जरासुद्धा फिसकटलेला नाही. कोणीतरी त्यांचा अंगठा हातात धरून, नीट टेकवून, नीट उचलला होता.

"मॅडम, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

मी मान हलवली. मी खालची ओळ वाचत होते. राहण्याचा पत्ता. तिथे क्वार्टर नंबर दोन लिहिलेलं नव्हतं. तिथे आमच्या आत्ताच्या घराचा पत्ता होता. इमारतीचं नाव, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं दार. मी ते घर पहिल्यांदा बघायला गेले, त्याच्या चार महिने आधीच्या तारखेला.